खिशात राहिलेला दोरा

सास्तूरच्या गोरोबाची एक खोड अख्ख्या गावाला पाठ आहे. कुणालाही हाक मारायची तर तो तीनदा मारतो. माणूस पहिल्याच हाकेला ओ देऊन समोर येऊन उभा राहिला, तरी उरलेल्या दोन मारून घेतो आणि मगच बोलायला लागतो. पारावरचे रिकामटेकडे त्याची नक्कल करतात. त्याची बायको दैवशाला सुरुवातीला वैतागायची, "अवो, हितंच हाय की म्या! बहिरी हाय का?" आता ती वैतागत नाही. तिला कारण माहीत आहे. गावाला माहीत नाही आणि गावानं विचारलंही नाही. नक्कल करायला मिळाली की लोकांचं भागतं.

गोरोबाचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूर झोपलं तेव्हा हे कुटुंब मेंढरांमागं निलंग्याच्या बाजूला रानात होतं, म्हणून वाचलं. पुढं नवं गाव वसलं, ओळीनं सारखी घरं मिळाली, पण बाप बब्रुवानचा जीव काही त्या घरात रमला नाही. संध्याकाळी मेंढरं वाघरात घालायची वेळ झाली की तो दारात उभा राहायचा. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळ्याचं कुंपण. एकेक मेंढरू त्याच्या मांडीला घासून आत जायचं, आणि म्हातारा मोजायचा नाही, नुसता बघायचा. लहानपणी गोरोबानं एकदा विचारलं होतं, आबा, तुमी मोजत का न्हाय?

"मोजून काय करायचं?" बब्रुवान म्हणाला. "दुसऱ्याचं एक घुसलं आन आपलं एक रानात ऱ्हायलं, तर आकडा बराबरच येतुया की. आकड्याला काय डोळं हायत? मेंढरू वळखायचं आसतंय."

आणि खरंच, सगळी आत गेल्यावर म्हातारा म्हणायचा, "ती तुटक्या कानाची आली न्हाय." मग बापलेक कंदील घेऊन निघायचे, आणि तुटक्या कानाची कुठल्या तरी काटवणात अडकलेली सापडायची. गोरोबाला हे सगळं बापाकडून न शिकवता आलं. दहावीत दोनदा नापास झालेल्या पोराला येत असलेली ही एकच विद्या होती.

पुढं चराऊ रानं गेली, मेंढरं घटली. गोरोबाचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि उमरग्याच्या एका ओळखीच्या माणसानं त्याला परदेशातल्या कामाचं सुचवलं. आखातात तेल शुद्ध करणारे मोठाले कारखाने असतात. ते काही वर्षांतून एकदा दीड-दोन महिने बंद ठेवतात आणि आतून साफ करून, दुरुस्त करून पुन्हा चालू करतात. तेवढ्यापुरती हजारो माणसं बाहेरून आणतात आणि काम संपलं की परत पाठवतात. याला शटडाऊन म्हणतात. मुलाखतीच्या साहेबानं अनुभव विचारला, तर गोरोबा म्हणाला, "मेंढरं राखलीत." साहेब खो खो हसला. मग हसू आवरून त्यानं विचारलं, "दिवसभर एका जागी लक्ष ठेवून उभा राहशील?"

"त्येच तर क्येलंय साहेब जलमभर."

तर त्याला नेमकं तेच काम मिळालं. कारखान्यात माडीएवढ्या उंच लोखंडी टाक्या असतात आणि त्यांच्या पोटाला एक गोल भोक असतं, माणूस वाकून जाईल एवढं. आत माणसं काम करतात आणि बाहेर त्या भोकापाशी एक माणूस उभा असतो. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, एवढंच त्यानं बघायचं. शेजारी एक फळा, फळ्यावर खिळे. आत जाणाऱ्यानं आपलं टोकन खिळ्याला अडकवायचं, बाहेर येताना काढून घ्यायचं. सगळे खिळे रिकामे झाले की टाकी रिकामी. मग त्या माणसानं कागदावर सही करायची आणि झाकण लागायचं. सास्तुरात गोरोबाच्या या नोकरीची भारी थट्टा झाली. गोरोबा दुबईला मेंढरं राखाया गेलाय म्हणायचे. कुठलाही आखाती देश असो, गावाला तो दुबईच. गोरोबाही हसायचा. तीन शटडाऊन त्यानं असे केले, एक ओरखडाही न येता.

चौथ्या खेपेला, दोन हजार एकोणीस सालच्या जानेवारीत, कॅम्पच्या जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "मामा, ताट जरा पुढं सरकवा की." आपल्याकडची बोली ऐकून गोरोबा वळला. तेवीस वर्षांचा, सडपातळ, पुढचे दोन दात किंचित फाकलेले. तेरचा शिवशंकर. आयटीआय करून फिटर झालेला, पहिल्यांदाच परदेशी आलेला. गोरोबाचं नाव ऐकल्यावर त्यानं आपल्या डोक्यालाच हात लावला.

"गोरोबा? आवो, आमच्या काकांचं नाव की! आमची आई ऐकंल तर म्हनंल, देवानंच धाडलाय तुमाला माझ्यावर नजर ठिवाया."

तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव, तिथं ते घरचेच. त्या रात्री फोनवर खरंच बानूबाई बोलली. "भाऊ, मला पाठचा भाऊ न्हाय. पोरगं तुमाला मामा म्हणतंय, तर मामावानी बघा त्याच्याकडं." गोरोबा म्हणाला, बघतो अक्का. फोनवर माणूस असं म्हणतोच. पण त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

निघताना बानूबाईनं लेकाच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता, त्यात तांब्याची इवलीशी पेटी, आणि बजावलं होतं, "ह्यो हातातनं काढलास तर माझी आण." आता टाकीत जाताना अंगावर दोरा नको, धातू नको, फोन नको, असा नियम. शिवशंकरनं आईची आण आणि कंपनीचा नियम यांच्यातून मधली वाट काढली. आत जाताना दोरा काढून तो गोरोबाच्या हातात द्यायचा. "मामा, तुमच्यापाशी म्हंजे माझ्यापाशीच." गोरोबा तो डांगरीच्या छातीवरच्या खिशात टाकून वर बटण लावायचा. बाहेर आला की शिवशंकर आधी त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारायचा, "मामा, आलो," आणि दोरा मागायचा. टोकन नंतर. गोरोबा खूण म्हणून तेवढीच धरायचा. खिसा रिकामा, म्हणजे पोरगं बाहेर.

काम संपायला आठवडा राहिला असतानाची गोष्ट. टाकीचं वेळापत्रक दोन दिवस मागं पडलेलं, साहेब सकाळपासून घड्याळ बघत फिरत होता. चहाच्या सुट्टीला आतली चौदा माणसं एकदम बाहेर पडली. सगळ्यांच्या डांगऱ्या सारख्या, तोंडावर सारखे मास्क, अंगावर सारखी राख. फळ्यापाशी एकच गर्दी झाली आणि बघता बघता चौदाच्या चौदा खिळे मोकळे झाले. साहेबानं कागद पुढं केला. "चल, सही कर. झाकण लावून घेऊ."

गोरोबा म्हणाला, "साहेब, एक आत हाय."

"कोण?"

"शिवशंकर."

"फळा बघ. आहे का टोकन? चहाला गेला असेल तो."

फळा रिकामा होता. गोरोबाचा हात छातीवरच्या खिशाकडं गेला. दोरा आत होता, बोटांना पेटी लागली. तो भोकात वाकला आणि त्यानं हाक मारली, "शिवशंकर!" आत पंख्यांची घरघर. परत मारली. उत्तर नाही. मागं साहेब चढ्या आवाजात म्हणाला, "तुझ्या मनात काय आहे त्यावर कारखाना चालवू का? कागदावर काय आहे ते सांग!" आणि गोरोबाला एकाएकी लाज वाटली. एवढे शिकलेले लोक, एवढा मोठा कारखाना, फळा, टोकनं, छापील कागद, आणि आपण मेंढक्याचं पोर, खिशातल्या दोऱ्यावर अडून बसलोय. पोरगं घाईत चहाला पळालं असेल, दोरा मागायला विसरलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. आकड्याला डोळे नसतात हे बापानं त्याला हजारदा सांगितलं होतं. त्यानं सही केली.

झाकण बसलं. आत नायट्रोजन सोडला. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आत सापडलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. शिवशंकर टाकीच्या वरच्या अंगाला, एका पत्र्याच्या आड, शेवटचा बोल्ट आवळत होता. जेवणाच्या वेळी त्याची जागा रिकामी दिसली तेव्हा गोरोबा ताट टाकून धावत सुटला. झाकण उघडेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

टोकनाचं कोडं संध्याकाळी सुटलं. कळंबचा बालाजी, शिवशंकरच्याच जोडीचा, कॅम्पच्या भिंतीआड रडत होता. त्याच्या खिशात दोन टोकनं होती. "त्यो म्हणला, तू व्हय म्होरं, माझं बी टोकन काढून ठिव, म्या आलोच. म्या काढलं मामा. आपण न्हाय का यष्टीत एकमेकांसाठी रुमाल टाकत? तसंच वाटलं मला." परक्या मुलखात आपल्या माणसाचं एवढं काम कोण करणार नाही? चौकशीत टोकन कुठं गेलं हे कुणी विचारलं नाही. कागद साफ होता. टोकन फळ्यावर नव्हतं, म्हणजे कामगार बाहेर आला होता, आणि नंतर परवानगी न घेता पुन्हा आत गेला. चूक कामगाराची. त्या कागदावरही गोरोबानं सही केली. पहिल्या सहीनंतर दुसरीला हात अडत नाही.

शवपेटीबरोबर त्यालाच पाठवलं. हैदराबादच्या विमानतळापासून तेरपर्यंत तो गाडीत त्या लाकडी पेटीशेजारी बसून आला. दोरा खिशातच होता. दारात बानूबाई त्याला बघून म्हणाली, "आलात का भाऊ," आणि त्याच्याच खांद्यावर कोसळली. त्यानं काही सांगितलं नाही. दिवसकार्य झालं, तेराव्याला तो पुन्हा तेरला गेला, तेव्हाही नाही. घरी येऊन दोरा त्यानं ट्रंकेत, मुलींच्या जन्माच्या दाखल्यांखाली ठेवला. सांगायचं तर दोरा द्यावा लागणार, आणि दोरा दिला की तो आपल्याकडं कसा राहिला हे सांगावं लागणार. तो परत आखातात गेला नाही. बापाची उरलेली मेंढरं घेऊन रानात जाऊ लागला.

वर्षश्राद्धाला, माघ वद्य नवमीला, बानूबाईनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. बाई निम्मी झाली होती. कळंबला दिलेली तिची लेक शिवकन्या आली होती, तिनंच गोरोबाला बाजूला घेऊन सांगितलं. गावानं ठरवून टाकलं होतं की शिवशंकर मोबाईल आणायला परत आत गेला. मोबाईलपायी मेला, असं पोरांना धाक दाखवायला सांगत. गावाला दुसरं सुचायचं तरी काय? पण बानूबाईच्या मनानं वेगळंच घेतलं होतं. तिनं गोरोबाला समोर बसवलं आणि विचारलं,

"भाऊ, खरं सांगा. दोरा ऱ्हायला हुता ना आत? त्याच्या हातात न्हवता. म्या बघितलं, पेटी उघडली तवा पैलं मनगटच बघितलं. दोरा आणाया गेला त्यो. म्या आण घातली हुती. म्याच मारलं माझ्या लेकराला."

वर्षभर ही बाई असं म्हणत जगली होती, आणि खरं सांगू शकणारा एकटा माणूस सास्तुरात मेंढरं राखत बसला होता. गोरोबाला स्वतःची किळस आली. आज तरी दोरा बरोबर आणावा एवढी बुद्धी त्याला झाली होती. तो त्यानं खिशातून काढला आणि बानूबाईच्या पुढ्यात ठेवला.

"त्यो परत गेलाच न्हाय, अक्का. त्यो भाईर आलाच न्हवता. दोरा माझ्या खिशात हुता. मला ठावं हुतं त्यो आत हाय. दोनदा हाक मारली आन सही क्येली."

बालाजीचं नाव त्यानं घेतलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही.

बानूबाईनं दोरा उचलला, गाठ बोटांनी चाचपली, गालाला लावला. बराच वेळ ती नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यापायी न्हाय."

"न्हाय अक्का. माझ्यापायी."

"मग तिसरी हाक का मारली न्हाय वो?"

लाज वाटली म्हणून, असं एका आईला कसं सांगायचं?

तिनं त्याला हाकललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. बाहेर जेवायला जमलेल्या माणसांपुढं तिनं त्याला उभं केलं आणि तेच सगळं परत बोलायला लावलं, मोठ्यानं. तो बोलला. मोबाईलची गोष्ट सांगणारे खाली बघत राहिले. मग तिनं स्वतःच्या हातानं त्याला वाढलं आणि निघताना दोरा आपल्या मनगटाला बांधत म्हणाली, "दर वर्साला याच तिथीला या. दर वर्साला ह्ये असंच सांगा. लोक इसरत्यात. म्या बी इसरंन कवा तरी. म्या इसरले तरी सांगा. तुमी इसरू नका."

तो विसरला नाही. एसटीचा संप होता त्या वर्षी मोटारसायकलवर गेला, थोरल्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं त्या वर्षीही गेला. दर माघ वद्य नवमीला सास्तूरहून निघायचं, धाराशिवला गाडी बदलायची, तेरला उतरायचं, आणि जेवायला बसण्याआधी चार माणसांत उभं राहून सांगायचं. हळूहळू माणसं कमी झाली. गेल्या वर्षी घरातली तेवढीच होती.

या वर्षी सहावं श्राद्ध. शिवकन्या फाटकातच उभी होती. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, "मामा, औंदा सांगू नका. आई समदं इसरलीया. दादा कामावर गेलाय आसं म्हणती. सुखात हाय वो. चार म्हैनं झालं, एकदा बी रडली न्हाय."

"पर अक्कानंच सांगितलं हुतं..."

"ठावं हाय मला. पाया पडते तुमच्या."

आत बानूबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगावर नवं लुगडं, मनगटाला तोच दोरा, विटून करडा झालेला. गोरोबाला बघून तिचा चेहरा उजळला. "आलात का भाऊ?" म्हणाली, म्हणजे तेवढं आठवणीत राहिलं होतं. पितरांचं पान वाढून झालं होतं. घरातल्या माणसांची पानं मांडली. बानूबाईनं बोट फिरवत सगळी पानं न्याहाळली आणि कडेच्या त्या भरल्या पानापाशी थांबली.

"ह्ये कुणाचं गं?"

शिवकन्या म्हणाली, "दादाचं."

"मग त्यो कुठंय?" बानूबाई गोरोबाकडं वळली. "भाऊ, तुमी संगं हुता ना त्याच्या? पोरगं आलं न्हाय अजून?"

गोरोबा उभा राहिला. दर वर्षी उभा राहायचा तसाच. सांगायचे शब्द सहा वर्षांत घासून घासून पाठ झाले होते. समोर ती त्याच्याकडं बघत होती, अगदी विश्वासानं, पहिल्यांदा फोनवर बोलली होती त्याच विश्वासानं. दारात शिवकन्या पदर तोंडाला लावून उभी होती. तो बाहेर आलेला नाही हे माहीत असताना गोरोबानं एकदा कागदावर लिहून दिलं होतं की आला. आज पुन्हा तेच कुणीतरी मागत होतं. फरक एवढाच, की त्या वेळी साहेबाला घाई होती.

"येतोय, अक्का," तो म्हणाला. "मागनं येतोय."

"मग थांबू की. त्याला सोडून कसं जेवायचं?"

सगळे थांबले. भात निवला, आमटीवर पापुद्रा धरला. बानूबाई पानाला हात लावेना आणि दुसऱ्या कुणाला लावू देईना. एकदा शिवकन्या म्हणाली, आई, तू तरी खा. तर तिनं नुसता हात हलवला. मग म्हणाली,

"भाऊ, हाक मारा की त्याला. तुमची हाक ऐकतो त्यो."

गोरोबा दारात गेला. समोर आळीत ऊन होतं, एक शेळी भिंतीला अंग घासत होती. त्यानं हाक मारली, "शिवशंकर!" मग दुसरी मारली. इथं चौकट धरून तो तसाच उभा राहिला. मागून बानूबाईचा आवाज आला, "मोठ्यानं मारा, लांब आसंल त्यो."

त्यानं तिसरी हाक मारली. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली, एवढी मोठ्यानं.

"ऐकली आसंल," बानूबाई समाधानानं म्हणाली. "वाढ गं, शिवकन्या. समद्यांना वाढ."